आवाज फाटतोय? व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी बदला

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळीच्या) ॲम्प्लिफायरचा आवाज फाटायला लागला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. मुंबईला कोण जाणार आहे, लॅमिंग्टन रोडवर ईएल८४ हा व्हॉल्व्ह मिळेल का, अशी विचारपूस सुरू होते. नवा व्हॉल्व्ह येतो, सॉकेटात बसतो, चार दिवस बरं वाटतं आणि गाणं पुन्हा खरखरू लागतं. जुना व्हॉल्व्ह ज्यामुळे भाजून निघाला, ते कारण चॅसीच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, पोटात तसंच असतं. म्हणून माझा आग्रह असा की व्हॉल्व्हला हात सगळ्यात शेवटी लावावा. आधी आवाज नेमका कधी फाटतो ते कान देऊन ऐकावं. मग मल्टिमीटर घेऊन ठरावीक पाच-सहा जागी व्होल्टेज मोजावं आणि कागदावर लिहून काढावं. बहुतेक दोष त्या कागदावरच सापडतो.

गोव्यात या छंदाला एक जुनी सोय आहे. पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल इथे सहज यायचा, त्यामुळे ग्रुंडिग, फिलिप्स, टेलिफुंकन अशा कंपन्यांचे रेडिओ अनेक जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. त्यांतून ईएल८४ सारखे आउटपुट व्हॉल्व्ह निघतात, ट्रान्सफॉर्मर निघतात, चांगले सॉकेट निघतात. अडचणही याच भूमीची आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी बिघडवलेले भाग वरून अगदी ठणठणीत दिसतात. त्यामुळे दुसऱ्या प्रदेशात पाच वर्षांनी दिसणारा दोष इथे एका पावसाळ्यात समोर येऊ शकतो.

खाली मी एकच साधं सर्किट धरून बोलतो. आधी ईसीसी८३ (छोटा सिग्नल वाढवणारा, आत दोन भाग असलेला व्हॉल्व्ह) चा अर्धा भाग, मग एक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा आउटपुट व्हॉल्व्ह), त्यापुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचा स्पीकर. स्टिरिओ असेल तर हेच दोनदा. हे नीट कळलं की मोठ्या, पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणाऱ्या) ॲम्प्लिफायरकडेही त्याच नजरेने बघता येतं.

चॅसी उलटी करण्याआधी

या यंत्रात २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं आणि ते जीव घेऊ शकतं. प्लग काढला म्हणजे संपलं असं नाही, फिल्टरचे कंडेन्सर तेवढंच व्होल्टेज बराच वेळ धरून ठेवतात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा आणि मग मीटरने शून्य आलंय का ते बघा. न मोजता बोट लावायचं नाही. आपल्याकडे अनेकांचा भरवसा घरातल्या आरसीसीबीवर असतो. तो स्विच मेन्सच्या बाजूचा गळणारा करंट ओळखतो आणि वीज तोडतो. मेन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तुमच्या हातातून जाणारा डीसी करंट त्याला दिसतच नाही, म्हणून तो इथे वाचवणार नाही.

चालू सर्किट मोजताना काळी प्रोब चॅसीला क्लिपने अडकवा, लाल प्रोब एका हातात धरा आणि दुसरा हात पाठीमागे ठेवा. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, तेव्हा पायात कोरडी चप्पल आणि पायाखाली रबरी चटई हवीच. आणि स्पीकर, किंवा त्याच्या जागी ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर, जोडल्याशिवाय असा ॲम्प्लिफायर चालू करून गाणं सोडू नका. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, उसळणारं व्होल्टेज त्याचं इन्सुलेशन फोडू शकतं.

फाटणं म्हणजे नेमकं काय

व्हॉल्व्हच्या आत कॅथोड तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. प्लेटवर पॉझिटिव्ह व्होल्टेज असल्यामुळे ते तिकडे ओढले जातात. मधे ग्रिडची जाळी असते. खाजन शेतीतली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. पाणी एकाच दिशेने जाणार, आणि दार किती उघडं आहे त्यावर किती पाणी जाणार ते ठरणार. ग्रिड हे ते दार. गाण्याचा सिग्नल ते दार आत-बाहेर हलवतो आणि त्याच्या हुकमाने प्लेटचा मोठा करंट कमी-जास्त होतो.

आता गाणं नसताना दार कुठे थांबलेलं असावं? साधारण मधे. या विसाव्याच्या जागेला बायस म्हणतात. दार आधीच जवळजवळ पूर्ण उघडं राहिलं तर सिग्नल आला तरी ते आणखी उघडायला जागा नाही. जवळजवळ बंद राहिलं तर आणखी बंद व्हायला जागा नाही. दोन्हींत ध्वनिलहरीची एक बाजू कापली जाते. कापलेल्या लहरीत मुळात नसलेले सूर मिसळतात, आणि त्यालाच आपण आवाज फाटला (डिस्टॉर्शन) म्हणतो.

हे मिसळलेले सूर कोणते, ते संगीत ऐकणाऱ्याला चटकन कळेल. सा २४० हर्ट्झ धरला तर दुसरा हार्मोनिक ४८० हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकाचा सा. तिसरा ७२० हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकातला पंचम. एकट्या व्हॉल्व्हच्या आउटपुटमध्ये दुसऱ्या हार्मोनिकचा वाटा मोठा असतो. तो सुरात बसतो, म्हणून या ॲम्प्लिफायरचा थोडासा दोष कानाला भरदार वाटतो. खरा त्रास दोन सूर एकत्र आल्यावर होतो. गंधार ३०० हर्ट्झ आणि मध्यम ३२० हर्ट्झ एकदम वाजले तर वाकड्या झालेल्या सर्किटातून २८० आणि ३४० हर्ट्झचेही सूर बाहेर पडतात, आणि ते मूळ गाण्यात नसतातच. एकटा गळा गात असताना बरा वाटणारा ॲम्प्लिफायर भजनाची झड लागली, टाळ, पखवाज आणि दहा गळे एकदम आले की कर्कश होतो, त्याचं कारण हेच.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. दोष शोधताना केसरबाई केरकर किंवा दीनानाथांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेलं ध्वनिमुद्रण लावू नका. ते गाणं कितीही प्रिय असलं तरी त्या काळचं मुद्रण आणि घासलेली तबकडी यांचा खरखराट आधीच त्यात आहे, आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. स्वच्छ मुद्रण झालेली हार्मोनियम घ्या, किंवा फोनवरचं सिग्नल जनरेटर ॲप घेऊन १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर सोडा.

कधी फाटतो, हा पहिला प्रश्न

फक्त आवाज मोठा केल्यावर फाटतो का? मग कदाचित दोष काहीच नाही. एका ईएल८४ कडून जास्तीत जास्त ५.७ वॅट मिळतात, आणि त्या टोकाला डेटाशीटनुसारच १० टक्के डिस्टॉर्शन असतं. आजचे छोटे शेल्फवरचे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतात. पाच-सहा वॅटला ते ९५-९६ पर्यंत जातील आणि तिथे गाडी थांबेल. जुन्या रेडिओग्रामचे कागदी कोनाचे मोठे स्पीकर बहुधा याहून संवेदनशील असतात. सात डेसिबलचा फरक म्हणजे पाचपट वॅटचा फरक. अशा वेळी ॲम्प्लिफायर उघडण्यापेक्षा स्पीकर बदलावा, असं माझं मत आहे.

हळू आवाजातही फाटतो का? हे गंभीर. स्पीकरची व्हॉइस कॉइल (कागदी कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) घासत असेल, बायस बिघडला असेल, किंवा पुश-पुल असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह इतके थंड चालत असतील की एकाकडून दुसऱ्याकडे लहर सोपवताना मधे खड्डा पडतो. कोनाला हलक्या हाताने आत दाबून बघा, घासल्याचा आवाज येतो का. आपल्या हवेत स्पीकरच्या चुंबकाच्या फटीत गंज धरतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. स्टिरिओ असेल तर काम फार सोपं होतं. डावा-उजवा स्पीकर बदला, मग इनपुटच्या वायर बदला. दोष ज्याच्याबरोबर सरकतो तो दोषी.

सुरू केल्यावर छान आणि वीस-पंचवीस मिनिटांनी फाटतो का? तसं असेल तर मी पैज लावायला तयार आहे की दोन व्हॉल्व्हच्या मधला कपलिंग कंडेन्सर गळतोय. त्याकडे सविस्तर येतो.

आणि फक्त खर्जात फाटत असेल, मधले सूर स्वच्छ असतील, तर बोट आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे जातं.

मीटर काय सांगतो

ईएल८४ च्या सॉकेटवर दोन नंबरचा पाय ग्रिड, तीन कॅथोड, चार-पाच हीटर, सात प्लेट, नऊ स्क्रीन (प्लेटच्या अलीकडची दुसरी जाळी). चॅसीच्या आतून बघताना नंबर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचे. प्लेट आणि स्क्रीनला साधारण २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टर, ही नेहमीची मांडणी. अशा वेळी कॅथोडवर सुमारे ७.३ व्होल्ट दिसायला हवेत.

हा एकच आकडा किती बोलका आहे बघा. ७.३ ला १३५ ने भागलं की ०.०५४, म्हणजे ५४ मिलिअँप. व्हॉल्व्हमधून जाणारा सगळा करंट तो. त्यातले साडेपाच स्क्रीनचे, उरलेले ४८ प्लेटचे. २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँप म्हणजे १२ वॅट, आणि ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा बरोबर तेवढीच आहे. म्हणजे हा व्हॉल्व्ह नेहमीच काठावर चालतो, आणि करंट थोडा वाढला तरी प्लेट जळायला लागते. अंधारात बघितलं तर प्लेटवर मंद लाल डाग दिसतो. तो दिसला तर लगेच बंद करा. हीटरची नारिंगी चमक वेगळी, ती मधोमध असते आणि तिची चिंता नको.

कॅथोडवर शून्य आलं आणि प्लेट लाल होतेय, तर कॅथोडचा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर शॉर्ट झालाय. कॅथोडवर वीस-तीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट आणि आवाज गुदमरलेला, चिरका, तर कॅथोडचा रेझिस्टर जळून उघडा पडलाय किंवा त्याचा सोल्डर सुटलाय. दोन्ही सुटे भाग स्वस्तातले आहेत.

ईसीसी८३ कडे या. २५० व्होल्ट सप्लाय, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम असेल तर करंट ०.८६ मिलिअँप असतो. म्हणजे रेझिस्टरवर ८६ व्होल्ट पडतात, प्लेटवर १६४ च्या आसपास उरतात आणि कॅथोडवर सुमारे १.३ व्होल्ट. दहा-पंधरा व्होल्टचा फरक सोडून द्यायचा. प्लेटवर पूर्ण २५० दिसत असेल तर व्हॉल्व्हमधून करंटच जात नाही. हीटर पेटलाय का आणि कॅथोडचा सोल्डर धरलाय का ते बघा. प्लेटवर चाळीस-पन्नासच असेल तर प्लेट रेझिस्टर काढून मोजा. जुने कार्बन रेझिस्टर ओलावा धरतात आणि त्यांचा रेझिस्टन्स वाढत जातो. १०० किलोओहमचे रंगपट्टे असलेला रेझिस्टर मीटरवर १६० किलोओहम दाखवू शकतो. मी नव्या बांधणीत मेटल फिल्मशिवाय दुसरा रेझिस्टर लावत नाही, आणि इतरांनाही तेच सांगतो.

कपलिंग कंडेन्सर: इथे थांबून बघा

ईसीसी८३ च्या प्लेटवर १६४ व्होल्ट डीसी आहे, त्यावर गाण्याचा सिग्नल स्वार झालेला. तो सिग्नल ईएल८४ च्या ग्रिडकडे जायला हवा, पण डीसी जाता कामा नये, कारण ग्रिडवर शून्य व्होल्ट असायला हवेत. मधे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर याचसाठी असतो. सिग्नल सोडायचा आणि डीसी अडवायचा. तो अडवण्यात किंचित जरी ढिला पडला तरी पुढचं सगळं गणित कोसळतं.

फोंडा तालुक्यातल्या एका मित्राच्या ॲम्प्लिफायरचं उदाहरण देतो. उन्हाळ्यात उत्तम वाजत होता. पाऊस सुरू झाला आणि नाट्यसंगीत लावलं की अर्ध्या तासात गाणं चिरकायला लागायचं. त्याचा व्हॉल्व्ह बदलून झाला होता. सुरू केल्याबरोबर कॅथोडवर ७.३ व्होल्ट, अगदी पुस्तकी. अर्ध्या तासाने तिथेच ९ व्होल्ट. ९ भागिले १३५ म्हणजे जवळजवळ ६७ मिलिअँप. प्लेटमध्ये आता चौदा वॅटहून जास्त उष्णता जिरत होती. दोन नंबरच्या पायावर, जिथे शून्य हवं तिथे, ३ व्होल्ट पॉझिटिव्ह उभे होते.

ग्रिडपासून चॅसीपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टर होता. त्यावर ३ व्होल्ट म्हणजे ६.४ मायक्रोअँप. एवढासा करंट कंडेन्सरमधून झिरपत होता. म्हणजे कंडेन्सरचं इन्सुलेशन २५ मेगओहमवर आलं होतं, आणि चांगल्या कंडेन्सरचं हजारो मेगओहम असतं. त्याने तो कंडेन्सर आधी काढून मल्टिमीटरवर तपासला होता. मीटरने ओपन (करंटला वाटच नाही असं) दाखवलं आणि त्याने तो निर्दोष मानून परत लावला. साध्या मीटरचा रेझिस्टन्सचा पल्ला २० मेगओहमपर्यंत असतो आणि तो एक-दोन व्होल्टवर तपासतो. तापलेल्या चॅसीत दीडशे व्होल्टच्या ताणाखाली कंडेन्सर कसा वागतो ते त्याला कळणारच नाही.

कळण्याची रीत वेगळी आहे. यंत्र बंद करा, फिल्टरचे कंडेन्सर डिस्चार्ज करा, आणि कपलिंग कंडेन्सरचा फक्त ग्रिडकडचा पाय सोडवा. त्या मोकळ्या पायाला मीटरची लाल क्लिप लावा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी चॅसीला. आता चालू करा. कंडेन्सर चार्ज होईपर्यंत आकडा उसळेल. व्हॉल्व्ह तापून स्थिर झाल्यावर चांगला कंडेन्सर काही सेकंदांत शून्याजवळ येतो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, त्यामुळे २५ मेगओहमची गळती इथे ४५ ते ५० व्होल्ट म्हणून दिसते. ग्रिडवर जे ३ व्होल्ट होते ते इथे एवढे मोठे होऊन समोर येतात, संशयाला जागा उरत नाही. मित्राच्या मीटरवर ४६ आले.

त्याने तो मेण लावलेला कागदी कंडेन्सर जुन्या रेडिओतून काढून वापरला होता. माझी कळकळीची विनंती आहे की जुन्या रेडिओतून व्हॉल्व्ह घ्या, ट्रान्सफॉर्मर घ्या, बटणं घ्या, पण कागदी कंडेन्सर एकही घेऊ नका. कागद ओल शोषतो आणि इथल्या माळ्यांवर तो वर्षानुवर्षं ओल शोषत पडलेला असतो. ०.१ मायक्रोफॅरड, ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर लावला की हा विषय मिटतो. तिथे मिटलाही.

कंडेन्सरचा पाय सोडवूनही ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज राहत असेल, तर मात्र ईएल८४ स्वतः दोषी आहे. आतली निर्वात पोकळी बिघडली किंवा ग्रिडवर कॅथोडचा लेप उडून बसला की ग्रिडमधून करंट वाहतो. तेव्हा खुशाल नवा व्हॉल्व्ह आणा. ग्रिडचा रेझिस्टरही बघा. कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरवरून बायस मिळणाऱ्या) ईएल८४ ला जास्तीत जास्त १ मेगओहम चालतो. फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज दिलेलं) असेल तर फक्त ३०० किलोओहम. त्याहून मोठा लावला तर चांगला व्हॉल्व्हही तापून भरकटतो.

फोन जोडला आणि फाटला

हा नव्या काळाचा दोष आहे. सीडी प्लेअर आणि आजचे डीएसी (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारी डबी) २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतात. त्याचं शिखर २.८ व्होल्टचं. ईसीसी८३ चा बायस आहे १.३ व्होल्ट. व्हॉल्यूम कंट्रोल पहिल्या स्टेजच्या नंतर लावला असेल, तर व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी पहिली स्टेज आधीच फाटलेली असते. आवाज लहान पण चिरका, असं विचित्र लक्षण दिसतं आणि माणूस आउटपुट व्हॉल्व्ह तपासत बसतो. कंट्रोल पहिल्या ग्रिडच्या आधी हलवा. कंट्रोल फिरवताना खरखर होत असेल तर त्यावर डीसी येतंय का तेही मोजा, कुठला तरी कंडेन्सर तिथेही गळत असेल.

फीडबॅक आणि न ऐकू येणारी शिट्टी

स्पीकरच्या बाजूने एक रेझिस्टर ईसीसी८३ च्या कॅथोडकडे परत नेतात. आउटपुटमधली चूक उलटी करून इनपुटला दाखवायची आणि ती कमी करायची, हे त्याचं काम. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायर उलट्या लागल्या तर चूक कमी होण्याऐवजी वाढते आणि पहिल्यांदा चालू करताच यंत्र किंचाळतं. सेकंडरीच्या, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीच्या, वायरींची अदलाबदल करा. कुठलं टोक चॅसीला आणि कुठलं फीडबॅकला, तेवढंच बदलतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर चाललेलं ऑसिलेशन. गाणं खडबडीत होतं, व्हॉल्व्ह जास्त तापतो, व्होल्टेजचे आकडे वायरीजवळ हात नेला की हलतात. फीडबॅकचा रेझिस्टर सोडवून बघा. आवाज मोठा आणि तरीही स्वच्छ झाला तर दोष तिथे आहे. ईएल८४ च्या दोन नंबरच्या पायाला अगदी चिकटून १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि नऊ नंबरला १०० ओहम लावले की बहुधा तो थांबतो. चिकटून म्हणजे पायावरच. दोन इंच लांब वायर सोडून लावला तर उपयोग नाही.

ट्रान्सफॉर्मर

एकट्या व्हॉल्व्हच्या सर्किटात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून ४८ मिलिअँप डीसी सतत वाहतो. त्याने कोअर (आतला लोखंडी गाभा) चुंबकत्वाने आधीच अर्धा भरून जातो. म्हणून अशा ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांमध्ये मुद्दाम हवेची फट ठेवतात. स्वस्तात हवा म्हणून मेन्सचा साधा ट्रान्सफॉर्मर वापरला तर ती फट नसते, आणि पखवाजाची थाप आली की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण भरून जातो. तपासायला १ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झचे सूर एकाच पातळीवर सोडा. ५० हर्ट्झ फार लवकर फाटत असेल तर उपाय एकच, योग्य ट्रान्सफॉर्मर.

रेडिओतून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरची आणखी एक गोष्ट. ते बहुधा ३ ते ५ ओहमच्या स्पीकरसाठी गुंडाळलेले असतात. त्यांना ८ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला दिसणारा लोड जवळजवळ दुप्पट होतो आणि डिस्टॉर्शन वाढतं. दोन गुंडाळ्यांच्या वेढ्यांचं गुणोत्तर घरी मोजता येतं. ट्रान्सफॉर्मर सर्किटातून सोडवा आणि सेकंडरीला एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १ व्होल्ट एसी द्या. प्रायमरीवर २५ ते २६ व्होल्ट आले तर गुणोत्तराचा वर्ग ६५० होतो, आणि ८ ओहमला ते ५,२०० ओहम दाखवेल, ईएल८४ ला हवं तेवढंच.

वीज आणि हवा

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मध्यरात्री चढतं, हा अनुभव खेड्यापाड्यांत सगळ्यांना आहे. २३० व्होल्टला ६.३ देणारा हीटरचा ट्रान्सफॉर्मर १९० ला ५.२ देतो आणि २५० ला ६.८ च्या वर. हीटर थंड पडला की कॅथोड पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही आणि आलापीत बरं चालणारं यंत्र तानेच्या शिखरावर फाटतं. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळचं मेन्सचं व्होल्टेजही लिहा, नाहीतर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

सॉकेटचे स्प्रिंग काळवंडतात, तेव्हा व्हॉल्व्ह किंचितही वाकडा न करता सरळ वर-खाली काही वेळा काढा-घाला करा. पायांना पॉलिश पेपर लावू नका. टॅगबोर्डवर (सुटे भाग जोडायच्या पट्टीवर) सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स ओल धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने पुसून काढा. चालू यंत्रात कोरड्या लाकडी काडीने एकेक जोड हलकेच टोचून बघा. आवाज बदलला की तो सोल्डर ड्राय आहे, म्हणजे नीट धरलेला नाही, पुन्हा तापवा.

दुरुस्ती झाली की तासभर गाणं वाजू द्या आणि सगळे आकडे पुन्हा घ्या. तारीख आणि मेन्सचं व्होल्टेज घालून तो कागद तळाच्या पत्र्याला आतून चिकटवा. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हीच मोजणी करा. ग्रिडचा आकडा शून्यावरून हललेला दिसला तर कंडेन्सरचा पाय सोडवून सुरुवात करा.